बिननावाचा कप

"हे कुणाचं?" साहेबानं विचारलं, आणि कानिफनाथाची हातोडी वरच्या वर थांबली.

साहेबाचं बोट होतं एका कपाकडे. कर्जतच्या पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर गोणपाट टाकून कानिफनाथ बसायचा आणि लोकांच्या भांड्यांवर नावं घालायचा. बारीक टोकाच्या चार छिन्न्या, एक छोटी हातोडी आणि टिंबाला टिंब जोडत जाणारी नजर, एवढंच त्याचं भांडवल. त्या छिन्न्या तो ज्यात उभ्या ठेवायचा, तो दोन कानांचा, वीतभर उंचीचा, मुलामा उडालेला कप. तालुक्यातल्या निम्म्या घरांतल्या हंड्या-कळश्यांवर कानिफनाथाच्या हातची अक्षरं होती. त्या कपावर मात्र एक टिंबसुद्धा नव्हतं.

साहेब म्हणजे बोअर पाडायच्या मशीनबरोबर आलेला अमेरिकन. पावसानं दगा दिलेला, विहिरींनी तळ गाठलेला, म्हणून कुठल्याशा परदेशी संस्थेचं मशीन बाभळवाडीच्या शिवारात येऊन घरघरत होतं. साहेबाचं नाव डेव्हिड. पण गावानं दोन दिवसांत त्याचा देवीदास करून टाकला, आणि तो बिचारा त्यालाही ओ द्यायचा. मशीनवर सगळ्यांचे पेले सारखेच, अदलाबदल होते, म्हणून तो आपल्या पेल्यावर नाव घालून घ्यायला आला होता. मराठीतच घाल म्हणाला, आणि देवीदासच घाल म्हणाला.

"माझंच हाय," कानिफनाथ म्हणाला.

"मग तुझा नाव नाही?"

या प्रश्नाचं उत्तर कानिफनाथानं सोळा वर्षांत पाचशे वेळा तरी दिलं असेल, आणि पाचशे वेळा समोरच्यानं ते अर्ध्यावर तोडून आपलंच पुढं सांगितलं असेल. पण हा माणूस परका होता. ऐकून घेईल असं वाटलं, म्हणून कानिफनाथानं सांगितलं.

छप्पन साली बाभळवाडीच्या तालमीचा हुतूतूचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला गेला होता. त्याआधी कधी गेला नव्हता आणि त्यानंतरही कधी गेला नाही. नगरच्या मैदानावर समोर नगरचाच संघ. कानिफनाथ तेव्हा वीस वर्षांचा. बाभळवाडीचे एकोणीस गुण झाले, त्यातले अकरा त्याच्या एकट्याचे. समोरच्यांचे वीस. शेवटची चढाई त्याची. दोन गड्यांना त्यानं हात लावलाच होता. मध्यरेषेला पोहोचला असता तर सामना बाभळवाडीचा होता. रेषा वीतभर राहिली असताना त्याचा दम तुटला. तोंडातलं 'हुतूतू' बंद पडलं. पंचानं शिट्टी मारली आणि सामना गेला.

दम तुटला म्हणजे संपला, बाकी काही नाही. माणसाचा दम कधीतरी संपायचाच. पण एवढ्या साध्या गोष्टीवर बाभळवाडीचं समाधान होईना. त्यातच बक्षीस वाटताना सामन्यातला उत्कृष्ट खेळाडू म्हणून पुकारा झाला तो हरलेल्या संघातल्या कानिफनाथाचा. पोरगं भांबावून पुढं गेलं, पाहुण्यांच्या पाया पडलं आणि कप घेऊन आलं. नाव घालायला वेळ झाला नाही, तुमच्याकडे घालून घ्या, असं तिथल्या माणसानं सांगितलं. परतीच्या वाटेवर कुणी त्याच्याशी बोललं नाही. गाडी गावात पोचली तोवर गोष्ट तयार झाली होती: सामना दिला आणि कप घेतला.

पुढं गोष्टीला सायकलही लागली. नगरवाल्यांनी कानिफला नवी सायकल दिली म्हणे. सायकल त्याला सासऱ्यानं लग्नात दिली होती, सामन्यानंतर चौदा महिन्यांनी, दोनशे माणसांच्या पंगतीसमोर. त्या पंगतीत बसून जिलबी हाणलेली माणसंच सायकल नगरहून आली म्हणून सांगायची. यावर माणसानं डोकं फोडून घ्यायचं नाही तर काय करायचं!

आणि नाव? कपावर नाव घालून घ्यायला तो कर्जतला मच्छिंद्र म्हाताऱ्याकडे गेला होता. म्हातारा म्हणाला, गिऱ्हाइकी आहे, बस जरा, तेवढी ती छिन्नी दे. त्या 'बस जरा'त कानिफनाथ धंदा शिकला, म्हातारा गेल्यावर त्याच्याच जागेवर बसला, आणि आपलं काय, आपलं नाव कधीही घालता येईल म्हणत राहिला. नंतर गावात इतकी नावं ठेवली गेली की घालायची हिंमतच झाली नाही.

देवीदास सगळं ऐकत होता. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "असाच झाला! आमच्याकडे असाच झाला!"

"काय झालं?"

मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं जे सांगितलं ते असं: त्यांच्या देशात एक फुटबॉल असतो, पण पायानं खेळायचा नाही. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी कंबर धरून आडवं करायचं.

"म्हंजी हुतूतूच की!" कानिफनाथ म्हणाला. "नुसता चेंडू जास्तीचा."

त्या खेळाचा सगळ्यात मोठा अंतिम सामना दरवर्षी जानेवारीत होतो. गेल्या वर्षाच्या सामन्यात दोन्ही बाजूंनी चुकांवर चुका केल्या, शेवटची पाच सेकंदं उरली असताना निकाल लागला, आणि उत्कृष्ट खेळाडू ठरला तो हरलेल्या बाजूचा. पकडीचा गडी. असं त्यांच्याकडे आधी कधी झालं नव्हतं. देवीदास तेव्हा हिंदुस्थानात होता. भावानं पत्रातून कळवलं.

कानिफनाथानं छिन्नी खाली ठेवली. सोळा वर्षं त्याला वाटायचं, जगात असा आपण एकटाच. आणि तिकडे सातासमुद्रापार एक गडी निघाला!

आणि हे त्याला कळलं तेही नेमकं हव्या त्या आठवड्यात. घरी कोनाड्यात एक पितळी पत्रा आणि एक घडी घातलेला कागद चार दिवस पडून होता. तालमीची नवी इमारत हनुमान जयंतीला खुली व्हायची होती, आणि दारावर जिल्ह्याचा अंतिम सामना खेळलेल्या संघाची नावं घातलेला पत्रा लागणार होता. नावं घालायला तालुक्यात दुसरा माणूस नाही, म्हणून काम कानिफनाथाकडेच आलं. कागदावर सात नावं होती. सातवं नाव पुंजारामचं. पुंजाराम त्या दिवशी रेषेबाहेर टॉवेल आणि लिंबाच्या फोडी घेऊन उभा होता. मैदानात त्याचा पाय पडला नव्हता. कानिफनाथाचं नाव नव्हतं. यादी आबासाहेबांनी केली होती. ते तेव्हाचे कप्तान, आताचे तालमीचे अध्यक्ष आणि गावचे पुढारी.

"साहेब, एक काम करा माझं," कानिफनाथ म्हणाला. "हेच आमच्या तालमीत येऊन सांगा. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील."

देवीदासला त्यानं सायकलच्या मागं बसवलं. हो, त्याच सायकलच्या. चार मैल चढाचा रस्ता, मागं सहा फुटी माणूस, पण कानिफनाथाला त्या दिवशी दम लागला नाही.

दिवस मावळायला तालमीपुढच्या ओट्यावर सगळे जमलेले असायचे. आबासाहेबांनी साहेबाला पाहून आधी आपली हौस भागवून घेतली. "काय देवीदास, तुमचं ते सातवं आरमार कुटवर आलं?" बांगलादेशच्या लढाईत अमेरिकेनं आपल्याला धमकवायला आरमार धाडलं होतं, त्याला तीनच महिने झाले होते. सगळे हसले. देवीदासही हसला, आणि मग त्यानं फुटबॉलची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. मध्ये उठून पकड कशी करतात तेही करून दाखवलं. कानिफनाथ एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माना हलत होत्या. कोपऱ्यात बसलेला पुंजाराम तर मोठ्यानं म्हणाला, "बघा! मोठ्या देशात बी आसं हुतं."

आबासाहेबांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग त्या गड्यानं घेतलं का बक्षीस?"

खोटं बोलायची देवीदासला सवय नव्हती. "लोक म्हणतात, त्याने नको म्हटला. संघ हरला, म्हणून. पण मी बघितला नाही. लोक म्हणतात."

"नको म्हनला," आबासाहेब म्हणाले. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "ऐकलं का रं समद्यांनी? त्यो नको म्हनला."

"आवो, लोक म्हनत्यात असं सांगतोय त्यो," कानिफनाथ म्हणाला. "लोक काय, कायबी म्हनत्यात!"

"लोक उगंच म्हनत न्हाईत, कानिफ."

कानिफनाथाच्या अंगाचा तिळपापड झाला. जी गोष्ट तो स्वतःच्या सायकलवर बसवून घेऊन आला होता, तीच त्याच्या गळ्यात पडली.

पुढच्या आठ दिवसांत ती गोष्ट गावभर फिरली आणि फिरताना अंगानं भरत गेली. 'लोक म्हणतात' हे पहिल्याच दिवशी गळून पडलं. तिसऱ्या दिवशी त्या अमेरिकन गड्यानं कप पंचाच्या अंगावर फेकला. बाजाराच्या दिवशी कर्जतला कुठल्याशा वाडीचा एक माणूस पातेलं घेऊन आला आणि नाव घालून होईपर्यंत कानिफनाथालाच सांगत बसला, "अमेरिकेत एकानं कप घेतला आन् सरळ समुद्रात टाकला. म्हनला, हारल्याला कप कशाला? आन् आमच्याकडं बाभळवाडीचा एक जन हाय म्हनं, सोळा वर्सं उरावर घेऊन बसलाय."

कानिफनाथानं मान वर केली नाही. "आडनाव बी घालू का नुसतंच नाव?" त्यानं विचारलं.

देवीदासला हे सगळं कुणीतरी सांगितलं असावं. भावाचं पत्र हातात घेऊन तो आबासाहेबांच्या दारात गेला, बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं, की भावानंसुद्धा 'म्हणतात' असंच लिहिलं आहे. आबासाहेबांनी त्याला चहा पाजला. मग मशीन जामखेडकडे हललं. जाण्याआधी देवीदास पेठेतल्या ओट्यापाशी आला. "मी चूक केली," म्हणाला.

"तुमी खरं बोलला," कानिफनाथ म्हणाला. "त्येचाच तर घोळ हाय."

हनुमान जयंतीला पाच दिवस उरले तेव्हा आबासाहेब स्वतः कानिफनाथाच्या घरी आले. पायरीवरच बसले. "कानिफ, माझं तुझ्याशी काय वाकडं न्हाई," ते म्हणाले. "तू पोरगा हुतास, चुकलास. आता एक कर. जयंतीला समद्यांसमोर त्यो कप तालमीला परत दे. नको म्हनून दे, त्या गड्यावानी. लगीच तुझं नाव पत्र्यावर. सातवं न्हाई, पयलं घालू."

"आन् न्हाई दिला तर?"

"तर यादी केलीय तीच."

"आबा, तुमी कप्तान हुता. माझ्या मागं दोन हातांवर उभं हुता. माझा दम संपला त्यो तुमी ऐकला न्हाई?"

आबासाहेबांनी पायरीवरचा खडा उचलून अंगणात टाकला. "मला गावाला कायतरी सांगायचं हुतं रं," ते म्हणाले. "जिल्ह्याला गेल्तो आमी. नुसता दम संपला म्हनून हारलो, हे कसं सांगू?"

ते गेल्यावर कानिफनाथाची बायको राहीबाई भाकरीचं पीठ हातावर तसंच घेऊन बाहेर आली. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. लग्न करून आली तेव्हापासून ही कटकट तिच्याही वाट्याला होती. सायकलवरून तिच्या बापाचं नाव निघालं की ती पाण्यावर बायकांशी भांडून यायची.

"देऊन टाका की," ती म्हणाली. "भांडं हाय एक. त्यात तुमी खिळे ठिवता."

"छिन्न्या."

"छिन्न्या ठिवा डब्यात. नाव तर येईल पत्र्यावर. पोरीच्या लग्नात कुनी नगरची सायकल काढनार न्हाई."

"नको म्हनून दिला, म्हंजी घेतला ती चूक हुती असं हुतंय, राही. अकरा गुन माझं हुतं. नाव पुकारलं म्हनून मी गेलो. चूक कुटं केली म्या?"

राहीबाईनं हातावरचं पीठ झटकलं. "मंग नका देऊ," ती म्हणाली. "पर एकदा काय ते ठरवा. सोळा वर्सं झाली, सामन्याचा इषय निघाला की तुमी जेवत न्हाई. भाकरी वाया जातीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ पत्रा आणि कागद घेऊन कर्जतला गेला. गोणपाटावर पत्रा ठेवला, खडूनं रेघा आखल्या आणि पहिलं नाव घालायला घेतलं. आबासाहेबांचं. हाताला धंद्याची सवय होती. टिंबाला टिंब लागत गेलं. दुपारपर्यंत सहा नावं झाली. वर 'अंतीम सामना' असं आबासाहेबांनी कागदावर लिहिलं होतं, ते त्यानं 'अंतिम' करून घातलं.

सातव्या नावाची खडूची रेघ आखून झाली आणि समोर पुंजाराम येऊन उभा राहिला. उन्हातून चालत आलेला, धोतर धुळीनं भरलेलं.

"कानिफ, माझं नाव नको घालूस."

"कागदावर हाय."

"कागद गेला खड्ड्यात! म्या काय खेळलो? लिंबू धरून उभा हुतो. पोरं वाचतील, नातवंडं वाचतील, आन् मी त्येंना काय सांगू? म्या आबाला म्हनलं, तर म्हनतो, सात जागा हायत, सात नावं पायजेत. मोकळी ठिव ती रेघ. नायतर तुझंच घाल."

कानिफनाथाला त्या क्षणी फार मोह झाला. छिन्नी त्याच्याच हातात होती, पत्रा त्याच्याच मांडीवर. कुणी अडवायला नव्हतं. पण मग सगळे आयुष्यभर म्हणत आले तेच खरं झालं असतं, की हा माणूस संधी मिळाली की आपलं साधून घेतो. अशानं नाव पत्र्यावर आलं असतं आणि त्याची आणखी एक गोष्ट झाली असती.

"पुंजाराम, मी नावं घालनारा हाय," तो म्हणाला. "लोकांनी लिवून दिलं ते घालायचं. मनानं एक अक्षर घातलं तर उद्या माझ्याकडं हंडा कोन आनंल?"

"पर हे खोटं हाय."

"हाय. पर तू लिंबू दिलंस म्हनून माझा दम तितका तरी टिकला. बस. पानी पी."

पुंजाराम सावलीला बसला आणि कानिफनाथानं त्याचं नाव घातलं. बाकीच्या सहांपेक्षा सुबक घातलं. मग पत्रा चिंचेनं घासला, राखेनं पुसला, फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "आबाला दे. आन् कप यायचा न्हाई, ते बी सांग."

पुंजाराम पत्रा काखेत धरून पेठेतून निघाला. आपलं नाव असलेला पत्रा तो चोरीचा माल नेल्यासारखा अंगाआड धरून चालला होता. कानिफनाथ तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. जयंतीला तालमीपुढे नारळ फुटणार, आबासाहेब भाषण करणार, पोरं ती सात नावं मोठ्यानं वाचणार, आणि आपण त्या दिवशी कुठं बसायचं हे त्याला सुचेना. त्याला आबासाहेबांचा राग आला, त्या अमेरिकेतल्या गड्याचाही आला. त्या गड्यानं नको म्हटलं की घेतलं, कोण जाणे. त्यालाही वाटत असेल, लोकांनी एकदा तरी आपल्याला विचारावं.

मग त्यानं कपातल्या छिन्न्या काढून गोणपाटावर ठेवल्या. कप उलटा करून झटकला. आतून पितळेचा भुसा आणि सोळा वर्षांची धूळ पडली. फडक्याला चिंच लावून तो घासायला लागला तेव्हा मुलाम्याचे उरलेसुरले पोपडेही निघाले आणि खालचं पितळ पिवळंधमक दिसायला लागलं. पोटावर जागा बघून त्यानं खडूनं एक रेघ आखली.

एक म्हातारी बाई नवा हंडा कमरेवर घेऊन ओट्यापाशी आली. लेकीला द्यायचा होता. लंकाबाई असं नाव घालायचं होतं.

"हे एवडं हुंद्या," कानिफनाथ म्हणाला.

"कुनाचं नाव घालताय?"

"हाय एक गिऱ्हाईक. सोळा वर्सांमागं भांडं टाकून गेलं, ते न्यायला आलंच न्हाई."

"आता येनार हाय व्हय?"

कानिफनाथानं छिन्नी 'क'च्या जागेवर टेकवली आणि हातोडी उचलली. "व्हय," तो म्हणाला. "आज यायचंय."

बाईनं हंडा खाली ठेवला आणि आपला नंबर येईपर्यंत ती भिंतीच्या सावलीला टेकून बसली.